छतावरची वीज आणि कोपऱ्यावरचे रोहित्र : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

सौरऊर्जा, स्मार्ट मीटर आणि विकेंद्रित वीजनिर्मिती या विषयांवर आलेल्या पत्रांतून निवडलेले प्रश्न येथे घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या छतावर तीन किलोवॉटचे सौर पॅनेल आहेत. भर दुपारी, लख्ख ऊन असताना बाहेरची वीज गेली आणि आमच्या घरातले पंखेही थांबले. स्वतःची वीज तयार होत असताना आम्ही उकाड्यात का बसायचे? इन्व्हर्टर बिघडला आहे का?

उत्तर : इन्व्हर्टर बिघडलेला नाही. उलट बाहेरची वीज गेल्यावरही तो चालू राहिला असता, तर मात्र तो बिघडला आहे असे म्हणावे लागले असते. बॅटरी नसलेल्या आणि ग्रिडला जोडलेल्या संचातील इन्व्हर्टर विजेची लय स्वतः ठरवत नाही. ग्रिडवरील प्रत्यावर्ती विजेची आवर्तने सेकंदाला ५० (काही देशांत ६०) असतात, त्यांचा ताल ओळखून त्याच तालात आपला प्रवाह मिसळणे एवढेच काम त्याला नेमून दिलेले असते. ताल धरणाराच थांबला की साथ करणाऱ्यालाही थांबावे लागते.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे आणि ते आपल्या घराबाहेर, खांबावर आहे. कोपऱ्यावरचे रोहित्र काही हजार व्होल्टचा दाब उतरवून घरगुती दाब देते हे आपण जाणतो, पण रोहित्राला दिशा कळत नाही. घराच्या बाजूने दाब दिला, तर तेच रोहित्र तो चढवून पलीकडच्या तारांत काही हजार व्होल्ट उभे करते, आणि वाहिनी बंद आहे अशा समजुतीने खांबावर चढलेल्या तंत्रज्ञाच्या जिवावर बेतते. म्हणून ग्रिडचा आधार सुटताच इन्व्हर्टरने साधारण दोन सेकंदांच्या आत बाजूला व्हावे, असा दंडक आहे. या संरक्षणाला अँटी-आयलंडिंग म्हणतात. मूळ ग्रिडपासून तुटलेला, तरीही आपल्याच बळावर जिवंत राहिलेला तुकडा म्हणजे बेट, आणि असे बेट नकळत तयार होऊ नये हा त्यामागचा हेतू आहे. वीज परत आल्यावरही इन्व्हर्टर लगेच सुरू होत नाही. कित्येक यंत्रांच्या पडद्यावर सेकंदांची उलटी मोजणी दिसते आणि तेवढ्या वेळात दाब व वारंवारिता (सेकंदाला होणारी आवर्तने, हर्ट्झमध्ये मोजलेली) स्थिर झाली आहे याची यंत्र खात्री करून घेते.

वीज गेल्यावरही घर चालू राहावे असे वाटत असेल, तर स्वतः ताल धरू शकणारा हायब्रिड इन्व्हर्टर, बॅटरी आणि घर ग्रिडपासून पूर्ण वेगळे करणारा चेंजओव्हर स्विच, अशा तिन्ही गोष्टी लागतात. यांतील स्विचकडे दुर्लक्ष होते, पण खांबावरच्या माणसाचे रक्षण तोच करतो. असा संच घेतल्यावरही सगळे घर त्यावर टाकू नये. पंपाची किंवा फ्रीजची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते आणि लहान इन्व्हर्टर त्या धक्क्यानेच बंद पडतो. दिवे, पंखे आणि इंटरनेटचा राउटर यांचे वेगळे सर्किट काढून तेवढेच बॅटरीवर ठेवणे बहुतेक घरांना पुरते.

प्रश्न : आमचे घर वाहिनीच्या अगदी शेवटी आहे. दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान आमचा इन्व्हर्टर पुन्हा पुन्हा बंद पडतो, त्या वेळी पडद्यावर २५३ व्होल्ट दिसतात. रोहित्राजवळच्या घरातील तशाच संचाला मात्र हा त्रास नाही. असे का?

उत्तर : विकेंद्रित निर्मितीची खरी अडचण या पत्रात नेमकी पकडली गेली आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो. वीज बाहेर ढकलायची असेल, तर आपल्या घराकडील दाब रोहित्राकडील दाबापेक्षा थोडा जास्त असावा लागतो. किती जास्त, हे तारांच्या रोधावर अवलंबून असते. समजा रोहित्रापासून आपल्या घरापर्यंतच्या तारांचा जाऊन-येऊन रोध ०.४ ओहम आहे आणि तीन किलोवॉट म्हणजे सुमारे १३ अँपिअर आपण बाहेर पाठवत आहात. दोहोंचा गुणाकार केला, तर एकट्या आपल्यामुळे पाच व्होल्टची भर पडते. त्याच फेजवरील आणखी चार घरे त्याच तारांतून वीज पाठवू लागली, की त्यांची भर आपल्या दाबावर चढते. रोहित्राजवळच्या घराला मधल्या तारा जवळजवळ नाहीतच, त्यामुळे तिकडे काही जाणवत नाही. २३० व्होल्टच्या पुरवठ्यात दहा टक्क्यांची मुभा धरली, तर वरची मर्यादा २५३ व्होल्ट येते. तिथे पोहोचल्यावर इन्व्हर्टर नियमाप्रमाणे बाजूला होतो, तो बाजूला झाला की दाब उतरतो, काही वेळाने तो पुन्हा जोडला जातो आणि तेच चक्र सुरू राहते.

यात जुन्या शहाणपणाचाही वाटा आहे. वीज एकाच दिशेने, रोहित्राकडून घराकडे वाहत होती, तेव्हा शेवटच्या घराला संध्याकाळी पुरेसा दाब मिळावा म्हणून रोहित्राचा टॅप, म्हणजे बाहेर पडणारा दाब पायरीपायरीने कमी-जास्त करण्याची सोय, मुद्दाम थोडा वर ठेवत. त्या काळी ते अगदी योग्य होते, आता मात्र दुपारी तोच वाढीव दाब आपल्या मुळावर येतो.

त्यामुळे पहिला उपाय पॅनेलवर नसून रोहित्रावर आहे: टॅप एक पायरी खाली घेणे आणि एकाच फेजवर दाटी झाली असेल, तर काही घरे दुसऱ्या फेजवर हलवणे. दुसरा उपाय इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये असतो. आधुनिक इन्व्हर्टर दाब वाढू लागला की रिअॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता ग्रिड आणि यंत्रांत नुसती मागे-पुढे होणारी वीज) शोषून तो काहीसा आवरू शकतो, आणि एकदम बंद पडण्याऐवजी निर्मिती हळूहळू कमी करू शकतो. ही सोय पुष्कळ यंत्रांत असते, पण बसवताना ती सुरू केलेली नसते. अर्थात गावठाणातील बारीक तारांत रोधच जास्त असल्याने रिअॅक्टिव्ह पॉवरचा उपयोग मर्यादित राहतो. आपण आठवडाभर दर अर्ध्या तासाला दाबाची नोंद वेळेसह करून ती अर्जाला जोडावी. ‘इन्व्हर्टर बंद पडतो’ या तक्रारीवर पॅनेलवाल्याकडे बोट दाखवले जाते, पण रविवारी, कारखाने बंद असताना, साडेबाराला २५३ आणि सोमवारी त्याच वेळी २४७ अशी नोंद समोर ठेवली की बोलणे रोहित्रावर येते.

प्रश्न : डिजिटल मीटर बसवला म्हणजे ग्रिड स्मार्ट झाले का?

उत्तर : नाही. दूरवरून वाचता येणारा मीटर ही फक्त सुरुवात आहे. त्या नोंदी पाहून कोणी रोहित्राचा टॅप बदलत नसेल, बॅटरी केव्हा भरायची हे ठरवत नसेल किंवा फुटलेली वाहिनी शोधत नसेल, तर तो मीटर म्हणजे बिल काढण्याचे महागडे यंत्र ठरतो. ‘स्मार्ट’ हा शब्द जाहिरातीत इतका झिजला आहे की मी तो शक्यतो टाळतो. विकेंद्रित वीज हीही काही आजची कल्पना नव्हे. एडिसन यांनी १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर सुरू केलेल्या केंद्राची एकदिश वीज जेमतेम मैलभर पोहोचत असे, म्हणजे केंद्र वस्तीतच असावे लागे. प्रत्यावर्ती वीज आणि रोहित्र आल्यावर केंद्रे मोठी झाली आणि दूर गेली.

प्रश्न : संध्याकाळच्या विजेचा दर जास्त आणि दुपारचा कमी, अशी पद्धत अनेक ठिकाणी येत आहे. वीज तर तीच. मग हा भेदभाव कशासाठी?

उत्तर : युनिट तेच असले तरी वेळ तीच नसते. ग्रिडमध्ये प्रत्येक क्षणी जेवढी वीज खर्च होते तेवढीच तयार व्हावी लागते. तारांत वीज साठत नाही. सौर पॅनेल वाढले की दुपारी इतर केंद्रांवरचा भार खाली जातो आणि सूर्य मावळताना, नेमके लोक घरी परतून दिवे व उपकरणे लावतात तेव्हा, तो दोन-तीन तासांत झपाट्याने चढतो. कॅलिफोर्नियाच्या ग्रिड-चालक संस्थेने २०१३ मध्ये या भाराचा आलेख प्रसिद्ध केला. दुपारी खाली लोंबलेले पोट आणि संध्याकाळी वर उचललेली मान, अशा आकारामुळे त्याला बदकाचा आलेख हे नाव पडले. ही मान चढण्यासाठी जी केंद्रे एरवी रिकामी ठेवून केवळ त्या दोन तासांसाठी तयार ठेवावी लागतात, त्यांचा खर्च संध्याकाळच्या युनिटवर पडतो. पाणी तापवणे, टाकी भरणे, गाडी चार्ज करणे ही कामे दुपारी उरकली, तर बदकाच्या पोटाला आधार मिळतो. मात्र दिवसभर घराबाहेर राबणाऱ्या माणसाला स्वयंपाकाची वेळ दुपारी नेता येत नाही, त्यामुळे वेळेनुसार दर लावताना आपोआप चालणारी उपकरणे त्याच्या हाती न देता केवळ दर वाढवणे मला न्याय्य वाटत नाही.

प्रश्न : मीटरमुळे आमच्या घरात काय चालले आहे हे बाहेर कळते, हे खरे आहे का?

उत्तर : किती कळते, हे नोंदी किती जवळजवळ घेतल्या आहेत यावर ठरते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जॉर्ज हार्ट यांनी १९८० च्या दशकात एकाच ठिकाणी मोजलेल्या विजेवरून घरातील वेगवेगळी उपकरणे ओळखण्याची पद्धत विकसित केली आणि १९९२ मध्ये ती सविस्तर मांडली. प्रत्येक उपकरण चालू-बंद होताना भारात ठरावीक पायरी उमटते आणि ती त्याची ओळख असते. सेकंदागणिक नोंद असेल, तर फ्रीज, मोटर, इस्त्री वेगळी ओळखता येते. पंधरा मिनिटांच्या नोंदीत हे तपशील पुसट होतात, तरी घरी कोणी आहे की नाही, आणि माणसे केव्हा झोपतात, हे त्यातूनही बऱ्यापैकी दिसते. नेदरलँड्समध्ये २००९ साली सक्तीच्या स्मार्ट मीटरचे विधेयक वरिष्ठ सभागृहाने खासगीपणाच्या मुद्द्यावर अडवले होते, तेव्हा ही काळजी कोण्या एकट्यादुकट्याची नाही. नोंदी किती मिनिटांच्या अंतराने घेतल्या जातात, त्या किती काळ ठेवल्या जातात आणि कोणाला दिल्या जातात, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत.

प्रश्न : एक मोठे केंद्र बंद पडले की हाहाकार होतो. त्याऐवजी लाखो छोटी छतावरची केंद्रे असतील तर ग्रिड आपोआप सुरक्षित होणार नाही का?

उत्तर : होऊ शकते, पण ‘आपोआप’ नाही. लाखो यंत्रे एकाच सूचनेने चालत असतील, तर ती लाखो राहत नाहीत. चुकीच्या क्षणी ती एका मोठ्या केंद्रासारखी वागतात. जर्मनीत हे कागदावर वेळीच लक्षात आले. तिथल्या जुन्या नियमांनुसार छतावरील इन्व्हर्टर ५०.२ हर्ट्झला बंद होतील असे लावलेले होते. पॅनेल थोडे होते तोवर याने काही बिघडत नव्हते, पण पुढे त्यांची क्षमता इतकी वाढली की एखाद्या उन्हाळी दुपारी वारंवारिता ५०.२ ला टेकली असती, तर कित्येक हजार मेगावॉट एकाच क्षणी नाहीसे झाले असते. युरोपचे ग्रिड अचानक ३,००० मेगावॉटची तूट सोसेल असे आखलेले आहे. अखेर २०१२ मध्ये वेगळा नियम करून तीन लाखांहून अधिक संचांची सेटिंग बदलण्याचे काम हाती घ्यावे लागले.

दक्षिण ऑस्ट्रेलियाला हे कागदावर कळले नाही. २८ सप्टेंबर २०१६ रोजी वादळात पारेषणाचे मनोरे पडले आणि दाब वारंवार खाली गेला. काही पवनऊर्जा केंद्रांत असे धक्के किती सोसायचे याची संख्या आधीच ठरवून ठेवलेली होती, ती ओलांडताच त्यांनी निर्मिती घटवली, शेजारच्या राज्याकडून येणाऱ्या वाहिनीवर सारा भार आला, तीही तुटली आणि संपूर्ण राज्य अंधारात गेले. हवामान आणि पडलेले मनोरे हे मूळ कारण होतेच, पण ती सेटिंग ग्रिड चालवणाऱ्यांना ठाऊक नव्हती, हे मला अधिक बोलके वाटते. पुढल्या वर्षी त्याच राज्यात हॉर्न्सडेल येथे १०० मेगावॉट क्षमतेची, १२९ मेगावॉट-तास साठवणारी बॅटरी उभी राहिली, आणि वारंवारिता ढळू लागताच सेकंदाच्या काही अंशांत ती सावरता येते हे तिने दाखवून दिले. जुन्या केंद्रांतील जड फिरती चाके असा धक्का काही क्षण आपल्या अंगावर घेत. पॅनेलला असे चाक नसते, म्हणून त्या चाकाचे काम आता इन्व्हर्टर आणि बॅटरीकडून करून घ्यावे लागते.

दूरसंचारामुळे आणखी एक दार उघडते. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये हल्लेखोरांनी वितरण कंपन्यांच्या संगणकांत शिरून उपकेंद्रांतील ब्रेकर दूरवरून उघडले आणि सुमारे २ लाख २५ हजार ग्राहकांची वीज गेली. ती काही तासांत परत आली, कारण कर्मचारी प्रत्यक्ष उपकेंद्रांत जाऊन हाताने ब्रेकर जोडू शकले. छतावरील इन्व्हर्टर इंटरनेटला जोडताना पहिला पासवर्ड तरी बदलावा, ही विनंती मी त्यामुळेच पुन्हा पुन्हा करतो.

प्रश्न : मग बॅटरी घेऊन ग्रिडचे कनेक्शनच तोडून टाकले तर?

उत्तर : जिथे वाहिनी पोहोचलेलीच नाही तिथे हाच मार्ग योग्य आहे. वाहिनी दारात असताना तो बहुधा महाग पडतो, कारण बॅटरी नेहमीच्या दिवसाला बेतून चालत नाही, ती सलग ढगाळ दिवसांना बेतावी लागते आणि मग वर्षाचे उरलेले दिवस तिचा मोठा भाग नुसता पडून राहतो. उन्हाळ्यातली जास्तीची वीजही घ्यायला कोणी नसल्याने वाया जाते. तरीही मन होत असेल, आणि संच बेटावर चालू शकणारा असेल, तर पावसाळी हवेत तीन दिवस ग्रिडचा मुख्य स्विच बंद ठेवून घर चालवून पाहावे. तिसऱ्या दिवशी सकाळी बॅटरीत किती टक्के उरले आहेत तो आकडा कळवलात, तर पुढचा हिशेब आपण मिळून करू.