आधी आहे त्याचा हिशेब

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका ओळीवर अडकलो आणि मग रात्रभर तीच डोक्यात होती. ‘काका, बाबांचा पगार कोळशाच्या वीजकेंद्राच्या त्या चिमणीतून येतो आणि आईचा दमाही तिथूनच येतो. मी कोणाच्या बाजूनं उभी राहू?’

तू हुशार आहेस, तुझं भलं होईल, हे मी लिहीत बसत नाही. ते तुला माहीत आहे. आणि हवा स्वच्छ असावी, अंधार नसावा, यावर आपलं दोघांचं एकमत आहे. प्रश्न त्यापुढचा आहे आणि तू तो चुकीचा मांडला आहेस. बाजू निवडायचीच तुला इतकी घाई का? एकीकडे सह्याद्रीत पंप्ड स्टोरेज, म्हणजे पाणी वर चढवून वीज साठवण्याच्या प्रकल्पांचे अहवाल करणाऱ्या कंपनीची नोकरी, दुसरीकडे त्याच प्रकल्पांना विरोध करणारी संघटना. या दोन्हींतला एक जण तरी तुला म्हणाला का, की आधी जे उभं आहे ते किती वापरलं जातं ते बघून ये? नाही म्हणाला. विजेच्या कामात चाळीस वर्षं गेली, मलाही कोणी म्हटलं नाही.

म्हणून मी म्हणतो. आधी आहे त्याचा हिशेब. मग नव्याची गोष्ट.

कोयनेपासून सुरू करू, कारण माझं पहिलं प्रेम तेच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, माणसं गेली, आणि धरणाच्या भिंतीला तडे गेले. पुढच्या काही वर्षांत तीच भिंत मागून काँक्रीटचे भक्कम आधार देऊन मजबूत केली गेली. सांडव्याच्या भागाचं मजबुतीकरण तर २००५-०६ च्या सुमारास झालं. म्हणजे धरण बांधून चाळीस वर्षं उलटल्यावरही माणसं त्याच भिंतीवर काम करत होती. यंत्रांचंही तेच. पहिले दोन टप्पे मुळात ५६० मेगावॅटचे. संचांचं नूतनीकरण केलं आणि आज ते ६०० देतात. बोगदा तोच, पाणी तेच, डोंगर तोच. ४० मेगावॅट वाढले आणि एकही घर उठलं नाही. या कामाचं उद्घाटन कोणी गाजवल्याचं मला आठवत नाही. १९९९ च्या लेक टॅपिंगचं मात्र साऱ्या महाराष्ट्राला कौतुक होतं, आणि ते रास्तच होतं. जलाशय रिकामा न करता पाण्याखालचा शेवटचा खडक फोडून बोगद्यात पाणी घेणं ही साधी गोष्ट नव्हे. पण मला विचारशील तर त्या ४० मेगावॅटचा अभिमान मला कणभर जास्तच आहे.

आता त्या पाण्याचा हिशेब बघ. कोयनेचं पाणी विजेसाठी पश्चिमेला वळवायला कृष्णा पाणीतंटा लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलेली आहे. म्हणजे यंत्रं १,९६० मेगावॅटची असली तरी पाणी मोजकं. ते केव्हा सोडायचं, हाच सगळा प्रश्न. कोळशाचा संच थंड असेल तर पूर्ण भारावर यायला कित्येक तास घेतो. कोयनेचा संच काही मिनिटांत येतो. दुपारी राज्यभर ऊन तळपत असतं, सौर वीज भरभरून येते. संध्याकाळी सहानंतर ती संपते, आणि नेमकी तेव्हाच घराघरांत दिवे, पंखे, मोटारी सुरू होतात. ते चार तास सावरायला कोयनेसारखं दुसरं साधन आपल्याकडे नाही. दुपारी सोडलेला कोयनेचा प्रत्येक घनफूट संध्याकाळच्या तोंडून काढलेला घास आहे. आणि ज्यांच्या जमिनी कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली गेल्या, त्यांची नातवंडं आजही हक्काच्या जमिनीसाठी आंदोलनाला बसतात. त्यांनी किंमत मोजून झाली आहे, पोरी. ते पाणी गैरवेळी वाया घालवून आपण दुसऱ्या कोणाच्या तरी गावात नवं धरण मागायला जायचं, हे मला सहनच होत नाही.

घाटघर तू पाहिलं नाहीस म्हणतेस. जाऊन ये. वरचा जलाशय अकोले तालुक्यात, खालचा कोकणाच्या बाजूला शहापूर तालुक्यात, मध्ये चारशे मीटरची उतरण आणि भूगर्भातल्या वीजघरात १२५ मेगावॅटचे दोन संच. स्वस्त वीज असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, गरज असेल तेव्हा खाली सोडायचं. १०० युनिट खर्चून ७५-८० परत मिळतात. हे सगळं ज्या काळात आखलं, त्या काळात स्वस्त वीज म्हणजे रात्रीची वीज, कारण कोळशाचे संच रात्री बंद करता येत नसत. आता जास्तीची वीज दुपारी असते. म्हणजे पंप फिरायची वेळच उलटली. तीच यंत्रं, तेच दोन जलाशय, फक्त घड्याळ बदलायचं. मुळशी धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या भिऱ्याच्या केंद्रात १५० मेगावॅटचा असाच संच १९९० च्या दशकापासून आहे, आणि तिथलं मूळ वीजघर तर १९२७ चं. मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह करूनही बुडालेल्या जमिनीवरचं ते पाणी आहे. त्याचाही हिशेब आपल्यावर आहे.

तुझ्या त्या कंपनीत गेलीस तर पहिल्याच दिवशी विचार: या प्रकल्पाचा एक तरी जलाशय आधीपासून भरलेला आहे का? जवळून जाणारी उच्चदाबाची वाहिनी आहे का, की तीही जंगलातून नव्यानं ओढायची? ज्याला दोन्ही उत्तरं ‘आहे’ अशी मिळतील त्या प्रकल्पाचा अहवाल जीव लावून कर. बाकीचे थांबू देत. मी साठवणुकीच्या विरोधात नाही, ती लागणारच आहे. पण पश्चिम घाट २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला तो त्यातल्या जीवसृष्टीमुळे. तो काही मोकळा पडलेला भूखंड नव्हे.

आता माझ्या शरमेची गोष्ट सांगतो. ही मी तुझ्या काकूलाही नीट सांगितलेली नाही.

साधारण वीस-बावीस वर्षांपूर्वी एका तालुक्यात वीजदाबाच्या तक्रारी फार होत्या. मोटारी जळायच्या, रोहित्रं जळायची, शेतकरी कार्यालयात येऊन टेबलावर हात आपटायचे. नवं उपकेंद्र आणि त्यासाठी नवी वाहिनी असा प्रस्ताव तयार झाला. मी त्या कामावर होतो. मी स्वतः मीटर घेऊन चार फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून गावांकडे जाणाऱ्या तारांवर, आठवडाभर फिरलो होतो. पॉवर फॅक्टर, म्हणजे तारेतल्या प्रवाहातला किती खरा कामाला लागतो ते प्रमाण, ०.७ च्या आसपास. शेतीपंपांना तो सुधारणारे कपॅसिटर नव्हतेच, असले तर जोडलेले नव्हते. तू विद्युत अभियंता आहेस, तूच गणित कर. ०.७ चा ०.९५ केला तर त्याच भारासाठी तारेतला प्रवाह चौथ्या हिश्श्याहून जास्त उतरतो आणि तारेतली गळती जवळजवळ निम्मी होते. फीडरवर कपॅसिटर बसवा, दोन रोहित्रांची क्षमता वाढवा, आणि मग वर्षभर थांबून बघा, अशी दोन पानांची टिप्पणी मी लिहिली.

आणि दिली नाही. खणात ठेवली. नवं काम मोठं होतं, त्यावर माझं नाव लागणार होतं, आणि साहेबांना कपॅसिटरची गोष्ट ऐकायची नव्हती. त्यांनी मनाई केली होती असं नाही. मी विचारलंच नाही.

वाहिनी संत्र्याच्या बागांमधून गेली. मोबदल्यावरून वाद कोर्टात गेला, काम रखडलं, आणि तेवढी दोन वर्षं मोटारी जळतच राहिल्या. मनोरा उभा करताना एक म्हातारा शेतकरी मला हाताला धरून बांधावर घेऊन गेला. तोडलेल्या झाडांची खोडं होती. तो शिवी देईल असं वाटलं. त्यानं फक्त विचारलं, ‘साहेब, दुसरा उपाय नव्हता का?’

मी म्हणालो, ‘नव्हता.’

तेव्हापासून मी हट्टी झालो. पुढच्या प्रत्येक ठिकाणी नव्या कामाच्या फायलीवर आधी जुन्या यंत्रणेची मोजणी मागायचो. लोक वैतागले. अडवणारा म्हणाले, जुन्या खोडाचा म्हणाले. एक बढती गेली. त्याचं दुःख झालं नाही असं म्हणणार नाही, झालं. पण माझ्या अखत्यारीत आलेल्या फीडरांवर मोटारी जळणं कमी झालं, हे मी स्वतः नोंदवहीत बघितलं आहे. मला कोणी विकासाचा शत्रू म्हटलं तर आजही मी ती वही काढून दाखवीन. उन्हाळ्यात राज्याची मागणी ३० हजार मेगावॅटच्या आसपास जाते. नवं काहीच नको म्हणायला मी वेडा नाही. माझं म्हणणं एवढंच होतं आणि आहे: आधी आहे त्याचा हिशेब.

आता तुझ्या बाबांच्या केंद्राकडे येतो. ते उद्या बंद करा, असं तुझी संघटना म्हणते. ते पूर्वीसारखंच चालू द्या, असं कॉलनीतली माणसं म्हणतात. दोघांनाही विचार, की दुपारी बारा वाजता तो संच किती भारावर चालतो? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनी कोळशाच्या संचांना ५५ टक्क्यांपर्यंत खाली यायला सांगितलं आहे, पुढे टप्प्याटप्प्यानं ४० पर्यंत. दुपारी सूर्याला वाट द्यायची, संध्याकाळी पुन्हा वर यायचं. कोळसा वाचतो, राख कमी पडते, दिवेही जात नाहीत. पण हे फुकट होत नाही. रोजच्या तापण्या-निवण्यानं बॉयलरच्या नळ्या थकतात, फुटतात. कमी भारावर ज्योत अस्थिर होते, तेल जाळून ती सांभाळावी लागते. हे नीट करायला बॉयलर ओळखणारी माणसं लागतात, तुझ्या बाबांसारखी. आणि राख पकडणारी यंत्रणा, तिचा एकेक कप्पा चालू आहे की नाही, हे रोज बघणारी माणसं लागतात. तुझ्या आईच्या श्वासाचा प्रश्न आजच्या आज तिथे आहे, २०७० च्या शून्य उत्सर्जनाच्या कुठल्या उद्दिष्टात नाही. बसवलेली यंत्रणा पूर्ण चालवा, ही मागणी नव्या चिमणीच्या विरोधाइतकीच मोठी आहे. ती कोणी करत नाही, कारण तिच्यासाठी आत जाऊन आकडे मागावे लागतात.

आणि तो संच म्हातारा होऊन बंद होईल तेव्हाही जागा टाकून देऊ नका. परळीत, कोराडीत, भुसावळात जुने संच निवृत्त झालेच आहेत. अशा ठिकाणी स्विचयार्ड, म्हणजे केंद्र वाहिन्यांना जोडणारं आवार असतं, वाहिन्या असतात, जमीन सरकारी ताब्यात असते. बॅटऱ्या तिथे ठेवता येतात. जुनं जनित्र टर्बाइनशिवाय नुसतं फिरतं ठेवून ग्रिडला स्थैर्य देता येतं. पाण्याचंही बघ. २०१३ च्या दुष्काळात परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद पडलं, कोळसा होता तरी. आणि कोराडीला नागपूरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरतात. शहराचं सांडपाणी होतंच, नुसतं वळवलं.

शेतीपंपांचं तर तुला घरातूनच माहीत आहे. ४० लाखांहून जास्त पंप, रात्रीची पाळी, बांधावर साप, कुठे बिबट्या. सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळच्या उपकेंद्राशेजारी पॅनेल लावून त्याच जुन्या ११ केव्हीच्या तारेवर दिवसा पंप चालवतात. दूरच्या वाहिन्यांतली गळती टळते, माणूस रात्री घरी झोपतो. मला ही योजना मनापासून आवडते, आणि ती जिथे फसते तिथेही बहुधा जुनी तार, जुनं रोहित्र आधी दुरुस्त न केल्यानं फसते. परत तेच. आहे त्याचा हिशेब आधी.

तू लिहिलंस, ‘मेंटेनन्समध्ये करिअर नाही, काका.’ हे वाचून मी पत्र बाजूला ठेवून अंगणात गेलो. रागावलो होतो. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास अख्खी मुंबई बंद पडली, लोकल रुळांवर उभ्या राहिल्या, रुग्णालयं जनित्रांवर गेली. वीज देशात कमी नव्हती. ती शहरात आणणाऱ्या कळवा-पडघा भागातल्या वाहिन्या एकामागून एक गेल्या. त्या दिवशी कोणाला विचारलं असतंस, की मेंटेनन्समध्ये काय ठेवलंय?

रागावलो ते सोड. चूक तुझी नाही. आम्हीच तुमच्यापुढे फक्त फिती कापल्या.

कुठली नोकरी घे ते मी सांगणार नाही. कंपनीत जा, संघटनेत जा, विजेची मागणी आणि पुरवठा यांचा तोल सांभाळणाऱ्या लोड डिस्पॅच केंद्राला अर्ज कर, मला चालेल. पण होकार कळवायला पंधरा दिवस आहेत ना? तेवढ्यात एक काम कर. तुमच्या गावाजवळच्या ३३ केव्ही उपकेंद्रात जा. तिथल्या ऑपरेटरला माझं नाव सांगू नकोस, चहा विचार. मे महिन्याच्या लॉगशीट बघायला माग. दर तासाचा भार, दाब आणि पॉवर फॅक्टर एका वहीत उतरवून काढ, हातानं, फोटो काढून नको. बाबांना विचारून त्याच दिवसांत त्यांचा संच दुपारी बारा आणि रात्री आठला किती भारावर होता तेही शेजारी लिही.

ती वही घेऊन ये. काकू पुरणपोळी करणार आहे म्हणते. मी माझी ती खणातली दोन पानं शोधून ठेवतो. कागद पिवळा पडला असेल, पण आकडे वाचता येतील.

तुझा,
काका