बाबांच्या वाटची भाकरी

प्रिय बाळ,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

रविवारी उपासना सुटल्यावर फाटकापाशी तू मला विचारलंस, "काका, आज रात्री प्रभू आला तर मी तयार आहे का, हे मला कसं कळायचं?" सेकंड शिफ्टवरून घरी आल्यावर शेवटच्या काळाचे व्हिडिओ बघत बसतेस, मग पहाटेपर्यंत डोळा लागत नाही, हेही सांगितलंस. मी घाईत होतो. "प्रार्थना कर, बाळ" एवढंच म्हणून गाडीला किक मारली. दिंडोरीला पोचेपर्यंत ते मनाला लागून राहिलं. इतक्या मोठ्या प्रश्नाला रस्त्यात उभ्या उभ्या उत्तर द्यायला नको होतं. म्हणून हे पत्र.

प्रभू परत कधी येणार, त्या तारखांचं आधी उरकून टाकतो. तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, हे खुद्द प्रभूने सांगितलंय (मत्तय २४:३६). तरीही माणसं गणित मांडत आली. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या प्रचारकाच्या शिकवणीवरून हजारो लोक १८४४ च्या २२ ऑक्टोबरला आकाशाकडे डोळे लावून बसले, काहींनी तर शेतातलं उभं पीकही काढलं नाही. २३ तारीख नेहमीसारखीच उजाडली. हॅरॉल्ड कॅम्पिंग या अमेरिकन प्रचारकाने रेडिओवरून २०११ ची २१ मे सांगितली, आणि पुढच्या वर्षी आपण चुकलो हे त्यालाच जाहीर कबूल करावं लागलं. आपल्या नाशकात सध्या सिंहस्थाची तयारी चालली आहे. रस्ते खणलेत, घाटांची कामं निघालीत. पंचांगाने तिथल्या भाविकांना तिथी दिली आहे, तेव्हा तिथी धरून तयारी करणं रास्तच. आपल्याला प्रभूने तिथी दिलेली नाही. म्हणजे आपली तयारी वेगळ्या जातीची असणार, एवढं तरी त्यातून समजायला हवं.

हे मी वरवरचं बोलत नाही. एकोणीस वर्षांचा असताना मीही एका प्रचारकाने सांगितलेल्या तारखेवर विश्वास ठेवला होता. कॉलेजला जाणं सोडलं, परीक्षेचा फॉर्म भरला नाही. उपवास धरले, पापांची यादी करून वहीत लिहिली, रोज रात्री ती वही तपासायची. तारीख आली आणि गेली. वर्ष वाया गेलं त्याचं दुःख झालंच, पण जास्त लागलं ते दुसरंच. त्या सगळ्या महिन्यांत मी प्रभूशी एकदाही नुसता बोललो नव्हतो. येण्याची धास्ती होती, पण येणाऱ्याची ओढ नव्हती.

ओढ म्हणजे काय, हे मला पुढे कळलं ते माझ्या आईवरून.

आम्ही तेव्हा इगतपुरीला रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा मालगाडीवर गार्ड होते. रात्री-अपरात्री ड्यूटीचा निरोप घेऊन कॉलबॉय दार वाजवायचा, बाबा डबा घेऊन निघायचे आणि परत कधी येतील याचा नेम नसायचा. मालगाडीला वेळापत्रक कुठलं? मेल-एक्स्प्रेसला वाट द्यायची, सिग्नलला तासन्‌तास उभं राहायचं. पावसाळ्यात घाटात काही झालं की दोन-दोन दिवस पत्ता नसायचा. आईने कधी खिडकीत बसून डोळ्यांना पदर लावला नाही. ती दळण करायची, आमचे अभ्यास घ्यायची, शेजारच्या बाळंतिणीला पेज नेऊन द्यायची. फक्त रात्री भाकऱ्या थापताना बाबांच्या वाटची एक जास्त थापायची आणि फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवायची. ते आले नाहीत तर सकाळी आम्ही ती दुधात कुस्करून खायचो. रात्री पुन्हा नवीन भाकरी. मला आठवतंय तेव्हापासून यात एका रात्रीचाही खंड पडला नाही.

आणि बाबा आले की आम्हाला खडीवरच्या पावलांवरून कळायचं. रुळांकडून किती माणसं येत-जात, सगळ्यांच्या पायांत तसलेच बूट. पण ती पावलं निराळी, मधेच तो खोकला, अंधारात हलणारी हातबत्ती. आम्ही भावंडं गोधडीतून उठून दाराकडे धावायचो.

एका रात्री मात्र मी धावलो नाही. त्यांच्या कोटाच्या खिशातून पैसे काढून सिनेमा पाहिला होता. पावलं तीच, बाप तोच. मी गोधडी डोक्यावरून ओढून झोपेचं सोंग घेतलं. बाबा आले, माझ्या डोक्यावर हात ठेवून काही वेळ बसले. मला ते सहन होईना. पहाटे उठून त्यांना सगळं सांगितलं. ते रागावले, मग जवळ घेतलं. पुढच्या खेपेला दाराशी सगळ्यात पुढे मीच होतो.

बाळ, योहानाचं पहिलं पत्र काढ आणि दुसऱ्या अध्यायाचं २८ वं वचन वाच. त्याच्यामध्ये राहा, म्हणजे तो प्रकट होईल तेव्हा लाजून मागे सरावं लागणार नाही, असा त्याचा आशय आहे. येण्याची गोष्ट आणि राहण्याची गोष्ट योहानाने एकाच वाक्यात बांधली आहे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे सापडतं. कुठली गोष्ट लपवून ठेवल्यामुळे तू गोधडी ओढून घेतेस ती पहा आणि त्याच्यापाशी बोलून टाक. कबुली देणाऱ्याला तो क्षमा करतो, हे त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात आहे. एकदा बोललीस की पुन्हा वही काढून तपासत बसू नकोस. मी ते करून पाहिलंय.

दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींचा दाखला तुला त्या व्हिडिओंत ऐकायला मिळाला असेल. पाच शहाण्यांनी जादा तेल घेतलं होतं, पाच जणींनी नाही. तेल संपलं, दार लागलं, एवढंच ठासून सांगतात. मला त्यातल्या दोन गोष्टी दाखवायच्या आहेत. एक म्हणजे वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणी झोपल्या. शहाण्याही झोपल्या! झोपल्याबद्दल त्यांना कोणी बोल लावला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे दाराआडून आलेले शब्द. 'तेल कुठे आहे' असं वर विचारत नाही. 'मी तुम्हाला ओळखत नाही' असं म्हणतो. मत्तयाच्या सातव्या अध्यायातही तेच. आपल्या नावाने मोठमोठी कामं केलेल्यांना प्रभू म्हणतो, माझी तुमची कधी ओळखच नव्हती. सगळं येऊन थांबतं ते ओळखीवर, आणि ओळख ऐन वेळी उसनी मागता येत नाही.

सध्या माझ्या द्राक्षबागेत खरड छाटणी झाली आहे, जुन्या काड्या छाटून टाकल्यात. तू आत्ता आलीस तर तुला वाटेल, काकांनी बागेचं वाटोळं केलं. नुसते ओलांडे, म्हणजे वेलाच्या आडव्या जाड फांद्या, आणि तारा, वर एप्रिलचं ऊन. पण पुढच्या हंगामाची द्राक्षं आत्ताच ठरतात. नवी काडी फुटते, तिच्या डोळ्यांत, म्हणजे कोंबांत, उन्हाळ्यातच घड आकार घेतो, आपल्या नजरेला न दिसणारा. ऑक्टोबरात गोडी छाटणी केली की तो बाहेर येतो आणि जानेवारी ते मार्चमध्ये काढणीला लागतो. उन्हाळ्यात काडी नीट पिकली नसेल तर तेव्हा घड जिरतात, मग कितीही औषधं मारा. आणि ओलांड्यापासून तुटलेल्या काडीने कितीही जोर केला तरी तिच्यात घड यायचा नाही. योहानाच्या १५ व्या अध्यायातला वेल आणि फाटे मी लहानपणापासून ऐकत होतो, पण बाग लावल्यावर ते मला खऱ्या अर्थाने समजलं. फाट्याचं काम वेलात राहणं. रस वेल पुरवतो.

तर तू रोज काय करावंस? मार्कचं शुभवर्तमान घे, सोळाच अध्याय आहेत. रोज थोडं वाच, पण परीक्षेसारखं नको. येशू हा माणूस कसा बोलतो, कोणापाशी थांबतो, कशाने कळवळतो ते बघत जा. कंपनीच्या बसमध्ये बसलीस की त्याच्याशी मनातल्या मनात साध्या मराठीत बोल, सुपरवायझर बोलला असेल तर तेही सांग. आईशी अबोला धरला आहेस असं कानावर आलंय, तो सोड. आणि काम नेटाने कर. थेस्सलनीकात काही जण कामधंदा सोडून बसले होते, पौलाने त्यांना चांगलंच सुनावलं. प्रभुभोजनाला बसशील तेव्हा 'तो येईपर्यंत' हे शब्द ऐक. भाकरी हातात घेऊनच आपण त्याची वाट पाहतो. मला तर दर वेळी दुरडीतली भाकरी आठवते.

आपल्या नाशकातल्या शरणपूरची एक गोष्ट सांगतो, ती तुमच्या पिढीला फारशी कोणी सांगत नाही. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना मिशनने तिथे आणून शिकवलं, त्यांतला एक जेकब वेनराइट. पुढे तो आफ्रिकेत फिरणारा मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या तुकडीत गेला. १८७३ मध्ये तिथल्या एका दूरच्या खेड्यात लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा जवळ पाळक नव्हता. त्याचं हृदय झाडाखाली पुरताना दफनाची उपासना जेकबने वाचली, आणि झाडावर नाव कोरलं तेही त्यानेच. नाशकात बाकावर बसून शिकताना त्या मुलाला असा दिवस येईल हे कुठे माहीत होतं? वेळ आली तेव्हा पुनरुत्थानाची ती वचनं त्याला परकी नव्हती.

आणखी एक, मग थांबतो. लूक १२:३७ बहुतेकांच्या नजरेतून निसटतं. धनी लग्नाहून परत येतो, चाकर जागे सापडतात, आणि मग धनीच कंबर बांधून त्यांना जेवायला बसवतो, स्वतः वाढतो. तुला रात्रभर ज्याची भीती वाटते, तो असा येणार आहे.

या रविवारी प्रभुभोजन आहे. उपासनेनंतर माझ्याबरोबर दिंडोरीला चल, काकू जेवायला थांबेल. आईलाही घेऊन ये. आणि आज शिफ्टवरून आलीस की फोन बाहेरच्या खोलीत ठेव, आईने झाकून ठेवलेलं जेव, आणि झोप.

तुझा,
काका