पहिल्यांदाच मोर्चाला येतेयस, तर एवढं सांभाळ

आझाद मैदानात येतेयस, मनापासून आनंद झाला. शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क घटनेच्या कलम १९ नेच दिलाय, त्यामुळे चोरट्यासारखं यायचं कारण नाही.

जमावबंदी लागली की नवखे एक तर घाबरून घरी बसतात, नाहीतर बॅरिकेडपाशी हवालदाराशी हुज्जत घालतात. दोन्ही नको. जमावबंदीचं पूर्वीचं कलम १४४ म्हणजे आताच्या नागरिक सुरक्षा संहितेतलं कलम १६३. रास्त मतप्रदर्शन दडपायला ते वापरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली काश्मीरच्या इंटरनेटबंदीच्या निकालात सांगितलंय. पण हे भांडण वकिलाने कोर्टात भांडायचं. आदेश मोडला तर गुन्हा दाखल होतो, म्हणून निघण्यापूर्वी परवानगीचं आयोजकांना विचार.

सुरुवातीला इतकंच पुरे:

- एकटी येऊ नकोस. घरच्या एकाला परतायची वेळ सांगून ठेव.
- वकिलाचा नंबर पेनाने हातावर लिही. फोन काढून घेतला की पाठ नसलेला नंबर आठवत नाही.
- लाइव्ह व्हिडिओत इतरांचे चेहरे दाखवू नकोस. ही चूक सगळ्यात जास्त होते आणि भोगतात दुसरेच.
- कुणी दगड उचलला तर त्याच्यापासून लगेच दूर हो. लाठीमाराला तेवढंच निमित्त पुरतं. धावू नकोस, चेंगराचेंगरी होते. कडेकडेने बाहेर पड.

ताब्यात घेतलं तर कारण विचार, वकील माग, कोऱ्या कागदावर सही करू नकोस. अटक झाली तर २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे न्यावंच लागतं. जामिनाचं वगैरे नंतर बोलू. आत्ता पाण्याची बाटली आणि बंद बूट, एवढं घेऊन ये.