छत्तिशीत लॉ सीईटी : नोकरी सांभाळून तीन वर्षांच्या एलएलबीची तयारी

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. कराडला पतसंस्थेत वसुलीचं काम, वय छत्तीस, शिक्षण मराठी माध्यमातून, बारावीनंतर बी.कॉम. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून, आणि आता तीन वर्षांच्या एलएलबीसाठी सीईटी द्यायची आहे. हातात पाच महिने आहेत. या वयात प्रवेश मिळेल का, क्लास लावू का, इंग्रजी कच्चं आहे त्याचं काय करू, हे तुमचे प्रश्न. जाता जाता भाचीच्या क्लॅटबद्दलही, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेबद्दलही विचारलंय. मी वकिली करतो आणि बरीच वर्षं ओळखीतल्या मुलामुलींची, कधी त्यांच्या आईबाबांचीही, या परीक्षेची तयारी करून घेतोय. त्या अनुभवावरून सांगतो.

वयाची चिंता सोडा, या सीईटीला कमाल वयाची अट नाही. पदवीला खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात. मुक्त विद्यापीठाबद्दल मात्र अर्धवट माहिती फार फिरते, म्हणून स्पष्ट लिहितो. बार कौन्सिल म्हणजे वकिली आणि कायद्याच्या शिक्षणावर देखरेख करणारी संस्था; तिच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांत हरकत मुक्त विद्यापीठाच्या पदवीला नाही. दहावी-बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल तर ती चालत नाही. तुमची बारावी रीतसर झालेली आहे, तेव्हा तुमची वाट मोकळी. 'मुक्तची डिग्री लॉला चालत नाही' असं कुणी ठणकावून सांगितलं तर वाद घालत बसू नका.

आता परीक्षा. राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष २०१६ पासून ही सीईटी घेतो. तीन वर्षांची आणि पाच वर्षांची सीईटी वेगवेगळी असते, अर्जही वेगळा. दरवर्षी दोन-चार जण चुकीच्या फॉर्मचे पैसे भरून मोकळे होतात, तेवढं सांभाळा. सध्याच्या रचनेत तीन वर्षांच्या परीक्षेला दोन तासांत १२० प्रश्न, प्रत्येकी एक गुण. इंग्रजी ४०, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी ३२, कायदेविषयक कल २४, तार्किक क्षमता २४. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पूर्वी दीडशे प्रश्न असायचे, त्यामुळे जुने सराव संच त्या हिशेबाचे मिळतील. सोडवायला हरकत नाही, फक्त वेळ त्या मापाने लावू नका.

हे आकडे पुन्हा एकदा वाचा. इंग्रजीचे ४० आणि कायद्याचे २४. आणि आपली माणसं काय करतात? परीक्षा लॉची म्हणून जाडजूड कायद्याचं गाईड आणतात, पाच महिने कलमं घोकतात आणि इंग्रजीला 'बघू, येईल थोडंफार' म्हणतात. एक तृतीयांश पेपर असा हातचा सोडतात. सामान्य ज्ञान, कायदा आणि तर्क या तिन्हींचे प्रश्न मराठीतही येतात, पण इंग्रजी ते इंग्रजीच. मराठी माध्यमातून आलेल्यांचा निकाल बहुतेक वेळा या ४० गुणांवरच ठरतो. माझ्या सगळ्या उत्तरातलं एकच लक्षात ठेवणार असाल, तर हे ठेवा.

तयारीच्या आधी एक काम करा: कॉलेज ठरवा. उलटं वाटेल, पण नोकरी करणाऱ्यांनी सुरुवात इथूनच करावी. पुण्याचं आयएलएस किंवा मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज हवं असेल तर पर्सेंटाइल फार वरचा लागतो आणि चुकायला जागा उरत नाही. पण तुम्ही नोकरी सोडून पुण्याला जाणार आहात का? तुमच्या लिहिण्यावरून तसं दिसत नाही. मग साताऱ्याचं इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज, कोल्हापूरचं शहाजी लॉ कॉलेज किंवा सांगलीतली कॉलेजं, एवढंच तुमचं क्षेत्र. त्यांचे मागच्या वर्षीचे कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांचे कटऑफ काढा, आपल्या प्रवर्गाचा आकडा वहीत लिहा आणि त्याच्यापेक्षा थोडं वर लक्ष्य ठेवा. राज्यात पहिलं यायचं नाहीये, पन्नासेक किलोमीटरवरच्या कॉलेजात बसायचंय, हे एकदा मनात पक्कं झालं की अभ्यासाचं दडपण निम्मं होतं.

कॉलेजमध्ये प्रत्यक्ष जाऊन आणखी एक विचारा: वर्ग किती ते किती? बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लागते, आणि वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच घेता येतात. म्हणजे रात्रीचं लॉ कॉलेज हा प्रकार आता नाही. 'नाव घालून ठेवा, परीक्षेला या' असं सांगणारे एजंट भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. वर्ग सकाळचे असतील तर पतसंस्थेत उशिरा येण्याची परवानगी मिळते का, हे सीईटीच्या आधीच विचारून ठेवा. प्रवेश मिळाल्यावर साहेब 'नाही' म्हणाले तर सगळी मेहनत फुकट जाईल.

इंग्रजीत शब्दांचे समानार्थी-विरुद्धार्थी, वाक्प्रचार, रिकाम्या जागा, वाक्यातली चूक ओळखणे, वाक्यांचा क्रम लावणे आणि उतारा असं येतं. अख्खं व्याकरण पहिल्यापासून उघडू नका. मराठीत विचार करणाऱ्या माणसाच्या हातून ठरावीक चुका होतात, आणि चूक ओळखण्याच्या प्रश्नांत नेमक्या त्याच वारंवार दिसतात. आपण 'विषयावर चर्चा केली' म्हणतो, म्हणून इंग्रजीत 'डिस्कस्ड अबाउट' लिहितो. तिथे अबाउट नको. 'दहा वर्षांपासून' म्हणून 'सिन्स टेन इयर्स' येतं. कालावधीला फॉर लागतो, सिन्स लागतो तो सुरुवातीच्या क्षणाला. 'मॅरीड विथ' नाही, 'मॅरीड टू'. 'प्रिफर टी दॅन कॉफी' नाही, तिथेही टू. 'वन ऑफ माय' च्या पुढे कायम अनेकवचन. 'नायदर-नॉर' मध्ये क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे. अशी तीस-चाळीस वाक्यं वहीत जमवा, चुकीचं एका बाजूला, बरोबर दुसऱ्या बाजूला. रोज एक पान मोठ्याने वाचा. मोठ्यानेच, कारण परीक्षेत नियम आठवायला वेळ नसतो, कानाला खटकलं पाहिजे.

उताऱ्यासाठी रोज इंग्रजी पेपरातला एक अग्रलेख. पहिला महिना कंटाळा येईल, अर्ध्याहून जास्त शब्द डोक्यावरून जातील. प्रत्येक शब्दाला डिक्शनरी उघडू नका. लेखकाचं म्हणणं काय, ते दोन ओळींत मराठीत लिहा आणि मग अडलेले पाचच शब्द बघा. रोज दीड तास अभ्यास धरला तर त्यातली ४५ मिनिटं इंग्रजीला द्या, आणि तीही सकाळी. रात्री दमल्यावर चालू घडामोडी वाचता येतात, इंग्रजी नाही.

कायद्याच्या भागात तुम्ही उगाच घाबरताय. तुम्ही वसुलीत आहात ना? कर्जदार थकला की जामीनदाराकडे जाता येतं, हे तुम्हाला रोजच्या कामातून माहीत आहे; भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ मध्ये तेच लिहिलंय, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. चेक परत आला की तीस दिवसांत नोटीस आणि ती मिळाल्यावर पैसे भरायला पंधरा दिवस, हे परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८. वसुली दाखल्याचं कलम १०१ तर तुम्ही झोपेतही सांगाल, फक्त ते महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधलं आहे हे जोडून ठेवा. अठरा पूर्ण नसलेल्याला कर्ज का देत नाहीत? कारण अज्ञान व्यक्तीचा करार मुळातच शून्य, आणि त्यावरचा प्रिव्ही कौन्सिलचा (ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय) १९०३ चा 'मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष' हा निवाडा परीक्षकांचा लाडका आहे. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांना हे पाठ करावं लागतं. तुमच्याकडे ते आधीच आहे, नावं तेवढी लावायची राहिलीत.

बाकी भर संविधानावर द्या: मूलभूत हक्क, मार्गदर्शक तत्त्वं, कलम ३२ आणि २२६ खालचे पाच आदेश (रिट), आणि महत्त्वाच्या घटनादुरुस्त्या, विशेषतः ४२वी, ४४वी, ७३वी-७४वी, ८६वी, १०१वी, १०३वी आणि १०६वी. निवाड्यांत केशवानंद भारती (१९७३), मनेका गांधी (१९७८), पुट्टास्वामी (२०१७) हे चुकवू नका. जुनी गाईडं घेताना जपा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली; ५११ कलमांची ३५८ झाली, खुनाची शिक्षा ३०२ वरून १०३ मध्ये गेली, फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये आहे. सेकंडहँड पुस्तकात फक्त जुनेच आकडे असतील तर ते रद्दीत घाला. अडलेल्या संज्ञांसाठी भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश आहे. आणि परीक्षेत मराठी प्रश्न कळेना झाला तर तोच प्रश्न इंग्रजीत वाचा, बऱ्याचदा तो जास्त सरळ असतो.

तत्त्व आणि घटना देऊन उत्तर मागणारे प्रश्नही सोडवून ठेवा. समजा तत्त्व असं आहे: जाणूनबुजून धोका पत्करणाऱ्याला त्या धोक्यापासून झालेल्या इजेची भरपाई मागता येत नाही. बैलगाडा शर्यतीत एकजण धावपट्टीला खेटून उभा राहिला आणि उधळलेल्या बैलाचा धक्का बसला, तर त्याला भरपाई नाही. पण आयोजकांनी कच्चा बांधलेला मांडव कोसळून तोच माणूस जखमी झाला, तर? शर्यतीचा धोका त्याने पत्करला होता, मांडवाचा नाही, म्हणून भरपाई मिळेल. इथे दया, न्याय, आपल्याला काय वाटतं, सगळं बाजूला. दिलेलं तत्त्व चुकीचं वाटलं तरी उत्तर त्यातूनच काढायचं. व्यवहारात मुरलेली माणसं नेमकी इथे घसरतात, कारण त्यांना 'प्रत्यक्षात असं होत नाही' हे माहीत असतं.

सामान्य ज्ञानासाठी परीक्षेआधीचे सहा-आठ महिने धरा. एक मराठी पेपर आणि एक मासिक पुरे. बातमी वाचताना तिच्यातला कायदा शोधायची सवय लावा. १८ ऑगस्ट २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं, तुमच्या सातारा जिल्ह्यासकट सहा जिल्ह्यांसाठी. ही बातमी तुम्ही वाचलीच असणार. आता पुढे जा: ते कोणत्या कायद्याखाली? राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६, कलम ५१(३). उच्च न्यायालयाची आणखी खंडपीठं कुठे? नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा. न्यायालय कधी स्थापन झालं? १८६२. उद्घाटनाला आलेले तेव्हाचे सरन्यायाधीश कोण? अमरावतीचे भूषण गवई. एका बातमीत चार-पाच प्रश्न होतात. इतिहास-भूगोलाला शालेय पाठ्यपुस्तकांच्या पलीकडे जाऊ नका.

तर्काबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नातेसंबंध, दिशा, सांकेतिक भाषा, बैठक व्यवस्था. रोज पंधरा प्रश्न, घड्याळ लावून. स्पर्धा परीक्षांची कुठलीही पुस्तकं चालतात.

क्लास? तुमच्यासाठी मला गरज वाटत नाही. त्या पैशांत सराव चाचण्यांचा एक चांगला संच घ्या. शेवटचे सहा आठवडे दर रविवारी पूर्ण पेपर, संगणकावरच, दोन तास, मध्ये उठायचं नाही. एका प्रश्नाला सरासरी एक मिनिट मिळतं, म्हणून अडलेल्यावर रेंगाळायचं नाही. शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा आणि एकही प्रश्न कोरा सोडू नका. गुण कापले जात नाहीत, मग कोरं कशाला?

कागदपत्रं आत्ताच काढायला घ्या. आरक्षणातून अर्ज करणार असाल तर जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेयर; नॉन-क्रीमीलेयरची मुदत ३१ मार्चला संपते, हे विसरू नका. दहावीच्या सनदेवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असेल तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह नोंदणी दाखला जवळ ठेवा. कॅपच्या कागदपत्र पडताळणीत बायकांचे अर्ज यावरच जास्त अडतात.

नोकरी करत एलएलबी करता येते, पण पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना वकिलीची सनद घेऊन प्रॅक्टिस करता येत नाही. पतसंस्थेतच पुढे कायदा विभागात जायचं असेल तर पदवी पुरे. कोर्टात उभं राहायचं असेल तर केव्हातरी राजीनामा आणि त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा, हे घरी आत्ताच बोलून ठेवा.

राहिली भाची. क्लॅट हे वेगळंच प्रकरण आहे. बारावीनंतरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी, पूर्ण इंग्रजीत, १२० प्रश्न, सगळे उताऱ्यांवर, चुकीला पाव गुण कापतात, आणि गेली काही वर्षं ती डिसेंबरातच होते, म्हणजे बारावीच्या बोर्डाच्या ऐन तोंडावर. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन विधी विद्यापीठं आहेत. ती अकरावीत असेल तर आजपासून इंग्रजी वाचन सुरू करू द्या, आणि क्लॅटच्या जोडीने राज्याची पाच वर्षांची सीईटीही भरायला सांगा. ती बारावीत असेल आणि अजून काहीच सुरू केलं नसेल, तर राज्याच्या सीईटीवरच जोर द्यावा असं मला वाटतं. तिचं वर्ष कळवा, मग त्यावर वेगळं लिहितो.