वाचकांचे प्रश्न : उडालेले पत्रे, दारातला ठेकेदार आणि विम्याचा दावा

प्रश्न : वळवाच्या वादळात गच्चीवरच्या शेडचे चार पत्रे उडाले, दोन फांदी पडून चेपले. दुसऱ्याच दिवशी एक ठेकेदार दारात हजर. ‘घराचा विमा आहे ना? एक सही द्या, क्लेम आम्ही करतो, तुमच्या खिशातून रुपया जाणार नाही,’ म्हणतो. निम्मे पैसे मात्र आगाऊ हवेत. काय करावे? (धनकवडी)

उत्तर : सही करू नका आणि त्याला एकट्याला वर चढू देऊ नका. शाबूत पत्र्यांचे स्क्रू सैल करणे, भलत्याच छताचे फोटो दाखवणे हे या धंद्यातले जुने प्रकार आहेत. दावा पॉलिसीधारकाने करायचा असतो. सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारा, विमा कंपनी नेमते; त्याचे शुल्कही कंपनीच देते. ठेकेदाराचा ‘आपला माणूस’ इथे उपयोगाचा नाही. ठेकेदार बिल फुगवायला तयार असेल तर जास्तच सावध व्हा. खोटा कागद सापडला की खऱ्या नुकसानीचे पैसेही जातात.

आधी कंपनीला कळवून क्लेम नंबर घ्या. मग फोटो काढा : संपूर्ण छत, प्रत्येक तुटका पत्रा, पडलेली फांदी, आणि स्क्रूची भोके अगदी जवळून. भोकाची कड ताजी फाटलेली असेल तर धातू चकाकतो. गंज आणि कडक झालेले रबरी वॉशर दिसले, तर सर्व्हेअर जुनी झीज म्हणणारच. ताडपत्री लगेच टाका, तिचे बिल ठेवा. पक्की दुरुस्ती मात्र पाहणीनंतर. मोडके पत्रे भंगारात देऊ नका. सर्व्हेअरला ते पाहायचे असतात आणि भंगाराची किंमत रकमेतून वजा होते.

पॉलिसीत दोन गोष्टी पाहा. १ एप्रिल २०२१ पासून मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत वादळ, पूर, झाड पडून होणारे नुकसान येते. पण शेड प्रस्ताव अर्जात (पॉलिसी घेताना भरलेल्या) दाखवली होती का, हे तपासा. दुसरे, घर कर्जाचे असेल तर पॉलिसीत बँकेचे नाव असते आणि पैसे बँकेकडे जाऊ शकतात. ठेकेदाराला ‘क्लेम आला की देतो’ असे तोंडी कबूल करू नका.

कोटेशन दोघातिघांकडून घ्या. त्यात पत्र्याची जाडी मिलिमीटरमध्ये, स्क्रूचा प्रकार, रिज (छताच्या माथ्यावरची पट्टी) आणि जुने पत्रे उतरवण्याची मजुरी वेगवेगळी हवी. मापात हमखास घोळ होतो : १०७० मि.मी. रुंदीचा पत्रा लॅप (एकमेकांवर येणारी कड) धरल्यावर साधारण एक मीटरच झाकतो. भाव पत्र्याच्या क्षेत्रफळाचा की झाकलेल्या जागेचा, हे लिहून घ्या. वारा पत्रा उचलतो तो कडेला आणि कोपऱ्यात; तिथे स्क्रू जवळजवळ हवेत. बिलावरचा जीएसटी क्रमांक महाराष्ट्रातल्या नोंदणीचा असेल तर २७ ने सुरू होतो. आगाऊ रक्कम माल आल्यावर, तीही चेकने.

प्रश्न : आम्ही सोसायटीत वरच्या मजल्यावर राहतो. दर पावसाळ्यात छत ओले होते. वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो, विम्यातून करून देतो. (कोथरूड)

उत्तर : होणार नाही. वर्षानुवर्षे ब्रिकबॅट कोब्यातून (गच्चीवरच्या विटांच्या तुकड्यांच्या थरातून) झिरपणारे पाणी म्हणजे देखभालीचा प्रश्न, अचानक घडलेली दुर्घटना नव्हे. गच्चीच्या गळतीची दुरुस्ती आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे) सोसायटीच्या खर्चाने व्हायची असते; सचिवांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आणि तडे, पन्हाळी, आउटलेटभोवतीची जागा न तपासता नुसते केमिकल फासणाऱ्याला पैसे देऊ नका, पुढच्या पावसात तो फोन उचलत नाही.

प्रश्न : वादळाचा दावा ‘झीज’ म्हणून नाकारला. (हडपसर)

उत्तर : सर्व्हे अहवालाची प्रत लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर पुण्यातल्या विमा लोकपाल (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी) कार्यालयात वर्षभराच्या आत तक्रार करता येते. फी नाही, वकीलही लागत नाही. पहिल्या दिवशीचे फोटो सोबत जोडा.