शिट्टी नवी, गोंगाट जुना

पोरांच्या फुटबॉलमध्ये पंच म्हणून उभा राहिलास आणि पहिल्याच सामन्यात पालकांनी आरडाओरडा करून डोकं उठवलं म्हणतोस, तर आधी एक कर: त्यांच्याकडे बघणंच सोड. कुंपणापलीकडच्या माणसाला आपण कार्ड दाखवू शकत नाही, आणि त्याच्याशी हुज्जत घातली की तो जिंकलाच. "डोळे आहेत का?" एवढ्यावर कान बंद. पण शिवीगाळ, धमकी किंवा एखाद्या पोराला नावानं टोमणे सुरू झाले, तर चेंडू बाहेर जाईपर्यंत थांब, खेळ रोख आणि यजमान संघाच्या प्रशिक्षकाला शांतपणे सांग: त्या गृहस्थांना तुम्ही आवरा, तोवर शिट्टी वाजणार नाही. हे काम त्यांचं, तुझं नाही. तरीही ऐकलं नाही तर सामना तात्पुरता थांबवायचा, शेवटी रद्द करायचा अधिकार फुटबॉलच्या नियमावलीतला नियम ५, म्हणजे पंचाबद्दलचा नियम, देतो.

प्रशिक्षकांचं वेगळं. 2019 पासून त्यांनाही पिवळं-लाल कार्ड दाखवता येतं. बाकावरून नेमकं कोण ओरडलं ते कळलं नाही, तर कार्ड तिथल्या वरिष्ठ प्रशिक्षकाच्या नावावर. हे सामन्याआधी हसत हसत सांगून ठेव, निम्मे तिथेच गप्प होतात. मी सुरुवातीला प्रत्येक निर्णयाचं स्पष्टीकरण देत बसायचो. घसा बसला, वाद वाढले. आता एक वाक्य, आणि पाठ फिरवून चालू लागतो.

अहवाल मात्र त्याच संध्याकाळी लिही. मिनिट आणि नेमके शब्द, शिवीसकट. "गैरवर्तन केलं" एवढंच लिहिलंस तर शिस्तीचं बघणारी समिती काय करणार, कपाळ?