एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पॅर्त पहिल्यांदाच ऐकताय?

एकदम मोठ्या समूहगान रचनांना हात घालू नका. १९७८ ची 'श्पीगेल इम श्पीगेल' लावा. फक्त व्हायोलिन आणि पियानो. पियानोवर सुटे तीन-तीन स्वर संथपणे चालू राहतात, वर व्हायोलिनचे लांबलचक स्वर. पॅर्त यांच्या 'टिंटिनाबुली' पद्धतीचं मर्म इथेच उमगतं: एक आवाज सप्तकातून पायरी-पायरीने चालतो, दुसरा एकाच त्रिस्वरीत (एकत्र जुळणाऱ्या तीन स्वरांच्या गटात) राहून त्याला सोबत करतो.

मग १९७७ ची, इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांच्या स्मरणार्थ केलेली रचना, 'कँटस'. तंतुवाद्यं आणि एकच घंटा. सगळे एकच उतरती स्वरमाला वाजवतात, पण वेगवेगळ्या लयीत. हेडफोन लावाच, तंतुवाद्यं थांबल्यावर घंटेचा जो नाद घुमत उरतो, तो मोबाईलच्या स्पीकरवर कुठली ऐकू यायला!

'हे तर फारच सोपं' असं म्हणून मोकळे होऊ नका. याच माणसाने १९६० मध्ये बारा-स्वरी पद्धतीत, म्हणजे बाराही स्वर ठरावीक क्रमाने वापरणाऱ्या पद्धतीत, लिहिलं होतं. १९६८ च्या 'क्रेडो' या समूहगान रचनेतल्या उघड ख्रिस्ती श्रद्धेवरून सोव्हिएत एस्टोनियात गदारोळ झाला, पुढची काही वर्षं जुन्या चर्चसंगीताच्या अभ्यासात गेली, आणि १९८० मध्ये देश सोडावा लागला. (त्यांना साधू-संत ठरवणारे लेख खुशाल वगळा.) 'क्रेडो' सावकाश ऐका, आणि आवाज आधीच कमी करून ठेवा.